कोऱ्या चाकूंच्या नियमाला हरकत : संग्राहक मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपण काढलेले नवे परिपत्रक मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वाटले की शब्दरचनेत काही चूक राहिली असावी. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की चूक नाही, आपल्याला हेच म्हणायचे आहे. आजवर मंडळातील मतभेद मी मंडळाच्या बैठकीतच मांडत आलो. परंतु या निर्णयावर बैठकीत चर्चाच झाली नाही, आणि त्याचा परिणाम सभासदांपुरता राहणार नाही. पारंपरिक घडीच्या चाकूंचा नाद ज्यांना आज आहे किंवा उद्या लागू शकतो, त्या सर्वांपर्यंत तो पोहोचणार आहे. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

परिपत्रकाचा आशय थोडक्यात असा : यापुढे वार्षिक प्रदर्शनात फक्त कोरे, कधीही धार न लावलेले चाकू स्वीकारले जातील, ते बंद काचपेट्यांत ठेवले जातील आणि मालकाखेरीज कोणी हाताळणार नाही, मासिक भेटीला येताना कोणीही खिशात चाकू आणू नये, आणि 'वापरातील चाकू' हा विभाग कायमचा बंद करण्यात येत आहे. यामागे आपण तीन कारणे दिली आहेत : मंडळाचा दर्जा, सुरक्षितता आणि कायदा. तिन्ही कारणे गंभीर आहेत, आणि तिन्हींना मी उत्तर देणार आहे.

आधी माझा या प्रकरणातील संबंध सांगतो. माझ्याकडे वडिलांचा स्टॉकमन नावाचा तीन पात्यांचा घडीचा चाकू आहे. हा चाकू त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ रोज खिशात बाळगला. त्याचे मोठे पाते दगडावर घासून घासून मूळ रुंदीच्या दोन तृतीयांशाइतकेच उरले आहे. सरळ धारेच्या 'शीप्सफूट' पात्याचे टोक किंचित गोल झाले आहे. आणि तिसरे, 'स्पे' नावाचे पाते मात्र जवळपास जसेच्या तसे आहे, कारण जनावरांच्या खच्चीकरणासाठी बोथट टोकाचे घडवलेले ते पाते वडिलांच्या कोणत्याच कामाचे नव्हते. मुठीवरच्या हाडाची नक्षी जिथे त्यांचा अंगठा टेकायचा तिथे पुसून गुळगुळीत झाली आहे. हा चाकू यापूर्वी दोनदा प्रदर्शनात मांडला गेला. यंदा अर्ज परत आला, त्यावर एवढाच शेरा होता : 'अवस्था : अस्वीकार्य'.

मी दुखावलो हे लपवत नाही. पण मी दुखावलो म्हणून नियम बदलावा असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे आहे की चाकू कोणाचा, कुठला, केव्हाचा आणि खरा की बनावट हे ज्या खुणांवरून ओळखले जाते, नेमक्या त्याच खुणांना आपण दोष ठरवले आहे.

दर्जाचा मुद्दा प्रथम घेतो, कारण तोच मूळ आहे. कोरा चाकू सुंदर दिसतो याबद्दल वाद नाही. कारखान्यातून निघालेल्या पात्यावरची घासणीची बारीक रेघ, पाते आणि कमान (मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी) यांच्यातून प्रकाशाची तिरीपही जाणार नाही अशी जोडणी, पाते मिटताना येणारा तो स्वच्छ 'टक्' आवाज, हे सारे मलाही मोहवते. पण जुना चाकू कोरा सापडणे दुर्मीळ असते, आणि जी वस्तू दुर्मीळ असूनही नियमाने बंधनकारक केली जाते ती कोणीतरी तयार करू लागतो, हे सांगायला फार अनुभव लागत नाही. गंजलेला चाकू यंत्राच्या फिरत्या चाकावर घासून, म्हणजे बफ मारून, चकचकीत करणे, झिजलेले पाते काढून त्याच कारखान्याच्या दुसऱ्या मोडक्या चाकूचे पाते बसवणे, हाडाची नवी मूठ चढवून तिला चहाच्या पाण्यात जुनी करणे, हे उद्योग आपल्या नादात नवे नाहीत. आजवर अशा चाकूंना आळा बसत होता तो आपल्यातील जाणत्यांच्या हातांमुळे. आता आपण त्या हातांना काचेबाहेर उभे केले आहे आणि चकचकीतपणाला प्रवेशाची अट बनवले आहे.

बफ मारण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण हे पाप माझ्या हातूनही घडले आहे. सुरुवातीच्या काळात बार्लो प्रकारच्या एका जुन्या घडीच्या चाकूचे पाते काळवंडलेले दिसले म्हणून मी ते चाकावर धरले. दहा मिनिटांत पाते आरशासारखे झाले. त्याबरोबर पात्याच्या मुळाशी ठोकलेला शिक्का अर्धा पुसला गेला, कडा गोलावल्या आणि लांब बोल्स्टरवरची (मुठीच्या टोकाच्या धातूच्या टोपीवरची) जुनी ओळ नाहीशी झाली. पुढच्या भेटीत मी तो अभिमानाने एका ज्येष्ठ सभासदांच्या हाती दिला. त्यांनी तो उघडला, मिटला, परत दिला आणि म्हणाले, "छान झालाय, पण आता हा कोण आहे ते कळत नाही." नव्या नियमाप्रमाणे माझा तो बिघडवलेला बार्लो, थोडी चलाखी केली तर, काचपेटीत बसू शकेल; वडिलांचा स्टॉकमन बसणार नाही.

शिक्क्याचे महत्त्व इथे जाणकारांसाठी नव्हे, तर बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अमेरिकेने १८९० साली केलेल्या मॅकिन्ली आयात-कर कायद्याने परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे इंग्लंडमधील शेफील्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन या चाकूंच्या शहरांतून तिकडे गेलेल्या चाकूवर देशाचे नाव आहे की नाही, यावरून तो त्या काळाच्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज बांधता येतो. केस या अमेरिकी कारखान्याने १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके घातले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला. ठिपके मोजले की त्या दशकातले वर्ष कळते. त्याच कारखान्याच्या नमुना क्रमांकात पहिला आकडा मुठीचा पदार्थ आणि दुसरा आकडा पात्यांची संख्या सांगतो, म्हणून ६३१८ म्हटले की हाडाची मूठ, तीन पाती आणि अठरा क्रमांकाचा साचा असे जाणकार न पाहता सांगतो. हे सगळे ज्ञान एका मिलिमीटरच्या काही अंशाइतक्या खोलीच्या खुणांवर उभे आहे. बफाचे चाक त्यांना ओळखत नाही.

पात्याच्या रंगाचेही तसेच. गंजरोधक पोलादाचा शोध शेफील्डमध्ये लागला तो १९१३ साली, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे खिशातले चाकू साध्या कार्बन पोलादाचेच घडत राहिले. असे पाते फळ कापल्यावर निळसर होते, पुढे राखी आणि सावकाश काळपट. हा पॅटिना म्हणजे घाण नव्हे; तो पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे आणि काही प्रमाणात तो पात्याला तांबड्या गंजापासून जपतो. तांबडा गंज पोलाद खातो, तो काढलाच पाहिजे. राखी छटा राहू द्यावी. परिपत्रकात मात्र 'डाग' या एकाच शब्दाखाली दोन्ही आले आहेत. ज्या मंडळाकडून नवख्याने हा फरक शिकायचा, त्याच्याच लिखित नियमात तो फरक नसावा, हे मला पटत नाही.

आता बंद काचपेट्यांविषयी. हा निर्णय चाकूंच्या भल्यासाठी घेतल्याचे आपण म्हणता, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या मुठींचे चाकू किती देखणे असतात हे आपण सारे जाणतो. कासवाच्या पाठीसारख्या, मोत्यासारख्या, रंगीत पट्ट्यांच्या त्या मुठी पाहूनच अनेकजण या नादाला लागले. पण सेल्युलॉइड वय झाल्यावर विघटित होऊ लागते आणि त्यातून आम्लधर्मी वाफा सुटतात. मोकळ्या हवेत त्या विरून जातात. बंद जागेत साठतात आणि शेजारच्या प्रत्येक पात्यावर गंज चढवतात. माझ्याकडे असा एक चाकू गुंडाळपिशवीत इतर सहा चाकूंसोबत पावसाळाभर बांधून राहिला. पिशवी सोडली तेव्हा सेल्युलॉइडची मूठ कडेने भेगाळलेली होती, तिच्या स्वतःच्या पात्यावर पुटकुळ्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या चाकूंना त्या मुठीच्या आकाराचीच तांबडी सावली पडली होती. त्यातील एकाचे पाते पुन्हा कधीच नीट झाले नाही. तेव्हापासून माझे सेल्युलॉइडचे चाकू वेगळे आणि उघड्यावर असतात. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवू नये, कारण चामड्यातील ओलावा आणि कमावण्याची द्रव्ये पितळेवर हिरवा थर व पोलादावर गंज आणतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मग बारा-पंधरा संग्राहकांचे निरनिराळ्या पदार्थांचे चाकू एकाच हवाबंद पेटीत, चामडी अस्तरावर, कुलूप लावून ठेवण्याचा निर्णय घेताना ही गोष्ट कोणाच्याच मनात कशी आली नाही?

शिवाय चाकू हातात घेतल्याविना त्याची परीक्षा होत नाही. स्लिपजॉइंट म्हणजे पारंपरिक घडीच्या चाकूला पाते उघडे अडकवून ठेवणारे कुलूप नसते. पाठीतील पोलादी कमान पात्याच्या मुळावर दाब देते आणि त्या दाबावर पाते उघडे किंवा मिटलेले राहते. कमान किती कडक आहे याला आपण एक ते दहा असे गुण देतो. ते गुण काचेतून देता येतील काय? पाते डावी-उजवीकडे हलते का, अर्ध्या वाटेवर काटकोनात थांबते का, उघडल्यावर आणि मिटल्यावर कमान पाठीशी समतल बसते का, की एका स्थितीत बुडते आणि दुसऱ्यात उचलते, हे बोटांना कळते, डोळ्यांना नाही. पाते बदललेला चाकू बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. जपानी हिगोनोकामीला तर कमानही नाही. पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा आणि रिव्हेटच्या घर्षणावर काम भागवायचे, असा तो साधा प्रकार. हे वाक्य वाचून तो जितका कळतो त्याच्या कितीतरी पट एकदा उघडून कळतो.

सुरक्षिततेचे कारण आपण गेल्या प्रदर्शनातील प्रसंगावरून दिले आहे, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. एका पाहुण्याचे बोट कापले. मी चार हात अंतरावर होतो. त्या गृहस्थांनी कडक कमानीचा चाकू एका हाताने मिटवायचा प्रयत्न केला आणि त्यांची बोटे पात्याच्या वाटेत होती. त्यांना कोणी सांगितले नव्हते की स्लिपजॉइंट दोन हातांनी, पाठ तळहातात धरून, पाते चिमटीत पकडून मिटवायचा असतो; आणि ज्या चाकूला अर्धा थांबा आहे तिथे थांबून बोटे बाजूला आहेत ना हे पाहायचे असते. ते सांगण्याचे काम टेबलामागे बसलेल्याचे होते. टेबलामागे त्या वेळी कोणी नव्हते, कारण सारे चहाला गेले होते, आणि त्यात मीही होतो. चूक आपली सर्वांची आहे. तिची शिक्षा चाकूंना आणि पुढच्या पाहुण्यांना देणे मला न्यायाचे वाटत नाही.

कायद्याचे कारण सर्वांत वजनदार आहे, आणि तेच परिपत्रकात सर्वांत ढिसाळपणे लिहिले आहे. 'चाकू बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो, सबब कोणीही बाळगू नये,' एवढ्यावर आपण विषय संपवला. प्रत्यक्षात चाकूविषयीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत आणि त्यांतील बारकावे आपल्याच विषयातले आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार धारेची लांबी तीन इंचांपेक्षा जास्त नसलेला घडीचा चाकू बाळगण्यास वेगळे कारण दाखवावे लागत नाही. पण तिथल्या न्यायालयांनी उघडल्यावर कुलूप बसणारा चाकू या सवलतीत येत नाही असे ठरवले आहे. म्हणजे झोजेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास घडवलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आणि १९५५ साली त्यालाच जोडलेली, पात्याला कुलूप लावणारी फिरती कडी, या दोहोंमधील फरक तिथे नुसता संग्राहकाच्या कुतूहलाचा राहत नाही. जर्मनीने २००८ साली एका हाताने उघडून कुलूपबंद होणारे चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर निर्बंध घातले, तेव्हा नखाच्या खाचेत नख घालून दोन हातांनी उघडायचा जुना स्लिपजॉइंट त्या कलमाबाहेर राहिला. जपानमध्ये सर्वसाधारणपणे सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते योग्य कारणाविना जवळ बाळगता येत नाही. विमानाच्या प्रवाशांना चाकू हातसामानात न ठेवता सोपवायच्या सामानात टाकावा लागतो, हे तर सर्वांना माहीत असायला हवे, तरी दरवर्षी आपल्यातला कोणीतरी विसरतो आणि एक चांगला चाकू तपासणीच्या टोपलीत गमावून येतो.

यावरून मी असे म्हणत नाही की ज्याला जो चाकू हवा तो त्याने खिशात घालून यावे. कायदा जिथे जसा असेल तिथे तसा पाळलाच पाहिजे. शाळा, न्यायालय, जमाव, अशा ठिकाणी चाकू नेऊच नये, मग कायदा काहीही म्हणो. माझे म्हणणे इतकेच की सभासदाला पाते मोजायला, कुलूप आणि कमान यांतला फरक ओळखायला आणि आपण उभे आहोत तिथला नियम वाचायला शिकवणे हे मंडळाचे काम आहे. आपण त्याऐवजी त्याला घाबरायला शिकवत आहोत. बातम्यांत 'चाकू' हा शब्द 'हल्ला' या शब्दाला चिकटूनच येतो, याची बाहेरच्या लोकांना सवय झाली आहे. चाकू म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर खटक्याचा चाकूच येतो. दोरा कापणारा, पेन्सिल तासणारा, पत्र उघडणारा, फळ सोलून समोरच्याला फोड देणारा चाकू त्यांनी पाहायचा तर तो आपल्याच खिशांतून निघायला हवा. आपणही तो कुलपात ठेवला, तर बातमीतला चाकू तेवढा उरेल.

नवख्यांबद्दल एकच सांगतो. गेल्या काही वर्षांत जे तरुण सभासद झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे कोरा जुना चाकू नाही आणि तो मिळवण्याची त्यांची ऐपतही नाही. त्यांच्याकडे आजोबांच्या पेटीत सापडलेला, एक पाते मोडलेला, मूठ तडकलेला चाकू असतो आणि डोक्यात शंभर प्रश्न असतात. 'वापरातील चाकू' विभागाच्या टेबलाशीच त्यांचे प्रश्न सुटत. ते टेबल काढल्यावर ते प्रदर्शनाला प्रेक्षक म्हणून येतील, एकदा येतील.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

'वापरातील चाकू' हा विभाग यंदाच्या प्रदर्शनापासून पूर्ववत सुरू करावा आणि त्याचे परीक्षण कोऱ्या चाकूंच्या निकषांवर न करता खरेपणा, मूळ भाग शाबूत असणे, निगा आणि मालकाने दिलेली माहिती यांवर करावे.

कोऱ्या चाकूंच्या विभागात प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येक चाकू किमान तीन जाणत्या सभासदांनी हातात घेऊन तपासावा, आणि बफ मारलेला किंवा पाते बदललेला चाकू तसे लिहूनच मांडला जावा. दुरुस्ती हा दोष नाही. ती लपवली तर दोष.

सेल्युलॉइडच्या मुठींचे चाकू कोणत्याही परिस्थितीत इतरांसोबत बंद पेटीत ठेवू नयेत, आणि पेट्यांमधील चामडी अस्तर काढावे. ही मागणी बाकीच्यांवर निर्णय होईपर्यंत थांबवू नये. ती आजच अमलात आणता येईल.

हाताळणीसाठी एक टेबल असावे, त्यामागे पूर्ण वेळ एक माहीतगार सभासद बसावा, आणि चाकू हाती देण्याआधी तो कसा मिटवायचा हे दाखवावे. पाळ्या लावाव्यात. पहिली पाळी माझी धरावी; चहाच्या वेळेची धरली तरी चालेल.

मासिक भेटीला चाकू आणण्यावरची सरसकट बंदी मागे घेऊन तिच्या जागी एक पानी सूचना काढावी, तीत भेटीच्या ठिकाणी लागू असलेला कायदा, पात्याच्या लांबीची व कुलपाची मर्यादा आणि प्रवासातील काळजी सोप्या शब्दांत दिलेली असावी. ज्या ठिकाणी कायद्याने बाळगणे शक्य नाही तिथे अपवाद करावा, पण तो कायद्याचे नाव घेऊन करावा.

आणि शेवटी, असे निर्णय यापुढे सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्याशिवाय घेऊ नयेत.

कार्यकारिणीतील अनेकांनी मला या विषयातले पहिले धडे दिले आहेत. धारेच्या दगडावर पाते पंधरा ते वीस अंशांत कसे धरायचे, तेल किती थोडे पुरते, कमानीच्या खाचेतली मळी काडीने कशी काढायची, हे मी आपल्याकडूनच शिकलो, आणि ते सारे आपण मला वापरातले चाकू हातात देऊनच शिकवले होते.

प्रदर्शनाच्या अर्जांची मुदत अजून संपलेली नाही. माझा अर्ज त्याच स्टॉकमनसाठी मी या पत्रासोबत पुन्हा जोडत आहे. 'अवस्था' या रकान्यात मी या वेळी स्वतःच लिहिले आहे : 'वापरलेला, तिन्ही पाती मूळची, मोठे पाते काल धार लावलेले.'

आपला विश्वासू,
मंडळाचा एक सभासद